कोरी फळी

"फळी कुणी पुसली?"

येसूनानांनी मान वर केली नाही. बाभळीखाली घोंगडी पांघरून ते बसले होते आणि फाटलेल्या जाळ्यात सुई घालत होते.

"नाना, मी विचारतोय. फळी कुणी पुसली?"

"म्या."

भानुदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या कुणी पुसली असती तर त्याने त्याचं मनगट धरलं असतं. पण नानांचं मनगट कसं धरायचं? सहा वर्षं त्याच मनगटाकडे बघून तो जाळं फेकायला शिकला होता.

मागे घाटावर पन्नास माणसं उभी होती. कुणाची लाकडी होडी, कुणाचा थर्माकोलचा तराफा, कुणाची नुसती ट्यूब. सगळ्यांच्या हातात दोर आणि सगळ्यांचे डोळे फळीवर. फळी कोरी होती.

कोरंबीच्या धरणाचा फुगवटा नऊ कोस लांब आहे. एवढ्या पाण्यात मासा हुडकायचा कुठे? म्हणून घाटावरच्या सोसायटीच्या शेडला एक काळी फळी टांगलेली असते. फळीवाल्याने उजाडता उजाडता पाणी बघायचं, वारा बघायचा आणि खडूने लिहायचं की आज मासा कुठे आहे, किती खोल आहे, जाळं किती बोटी, म्हणजे किती बोटं रुंद भोकांचं घ्यायचं. ज्याला वाचता येत नाही त्याने दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. पण फळी कळल्याशिवाय त्या घाटावर कुणी दोर सोडत नाही, आणि फळी कोरी असेल त्या दिवशी तर मुळीच नाही.

चाळीस वर्षं तो खडू येसूनानांच्या हातात होता.

भानुदास नगरेला तोच खडू हवा होता. त्यासाठी त्याने सहा वर्षं नानांची होडी वल्हवली. पाण्याची चूळ भरून ते कुठल्या ओढ्याचं आहे ते सांगायला शिकला. वर तालुक्याला जाऊन तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन आला, पाण्यातला मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र घेऊन आला. शेवटी मागच्या आठवड्यात नाना म्हणाले होते, "आठ दिस तू लिव. आठ दिस नीट गेले, की खडू तुझा."

त्यानंतर नाना तापाने अंथरुणाला खिळले. आज आठवा दिवस होता. अंगातला ताप उतरतो न उतरतो तोच म्हातारा उठून घाटावर आला, भानुदासने लिहिलेली फळी त्याने वाचली आणि ओल्या पंच्याने पुसून टाकली. तेही पन्नास माणसांसमोर.

"काय चुकलं होतं त्यात?" भानुदास ओरडला.

"काई न्हाई."

"खोटं होतं?"

"न्हाई."

"मग?"

नानांनी सुतात गाठ मारली...

भानुदास तरातरा फळीकडे गेला. खडू घेतला आणि पुन्हा लिहिलं. त्याचं अक्षर वळणदार होतं आणि राग आला की आणखी मोठं यायचं.

बेलोडी नदीच्या तोंडाशी रोहू आणि कटला. मोठा थवा. दोन पुरुष पाणी. जाळं चार बोटी.

तो वळेपर्यंत नाना उठून आले होते. वाकलेल्या कमरेने, एक हात भिंतीला लावत. त्यांनी पंचा उचलला आणि सावकाश, डावीकडून उजवीकडे, ओळ न् ओळ पुसली. मग जाऊन परत बाभळीखाली बसले.

घाटावर कुणीतरी खाकरलं.

"असं का?" भानुदास म्हणाला. "सात दिवस झाले, नाना. सात! एक अक्षर चुकलं नाही माझं. विचारा घाटाला. परवा लिहिलं बेलोडीच्या तोंडाशी, मासा तोंडाशी सापडला. काल लिहिलं, काल सापडला. होड्या बुडायच्या बेताला आल्या होत्या मासळीने. तुमच्या चाळीस वर्षांत आलीय अशी मासळी?"

"आल्ती... येकदा."

"तेच ते! जुनं ते सोनं म्हणून आम्ही किती दिवस ऐकायचं?"

हे बोलायला नको होतं, हे त्याचं त्यालाच कळलं. पण रागाच्या भरात तोंडातून गेलेलं परत कुठे घेता येतं? आणि खरं सांगायचं तर भानुदास उगाच चिडला नव्हता. बाजू त्याची होती. ज्याची बाजू खरी असते आणि तरी ज्याची फजिती होते, त्याने चिडायचं नाही तर काय टाळ्या वाजवायच्या?

तान्हूबाई पितळी घेऊन आली. घाटावर मासळी मोजून घेण्याचं आणि भुकेल्याला खाऊ घालण्याचं काम तिचं. दोघांच्या मध्ये पितळी ठेवून ती म्हणाली, "भांडण मग करा. आधी खावा. नाना, तापातनं उठलाय, त्वांडाला चव न्हाई तुमच्या. गाभोळी तळलीया."

माशाच्या अंड्यांच्या त्या पिवळ्याजर्द, खरपूस तळलेल्या कांड्या होत्या. वर तिखट-मीठ भुरभुरलेलं.

"कालच्या मासळीची हाय," तान्हूबाई सांगत होती. "ह्या वर्साला लई गाभोळी. एकेक मासळी कापली की वंजळभर निघतीया. पोटं फुगून टम्म."

नानांनी पितळीकडे पाहिलं. मग दोन बोटांनी ती भानुदासकडे सरकवली.

भानुदासने दोन तुकडे तोंडात कोंबले. भूक रागाला थोडीच विचारते? चावता चावताच तो बोलत राहिला. "गाभोळीवाली मासळी आहे, ठाऊक आहे मला. नदीला लाल पाणी आलंय, मासा चढणीला लागलाय, अंडी टाकायला धारेवर चढतोय. म्हणून तर तोंडाशी दाटी झालीय. हे तुम्हीच शिकवलंत ना मला? का दुसऱ्या कुणी?"

"म्याच."

"आणि मासेमारीवरची सरकारची बंदी सोमवारपासून. आज गुरुवार आहे. कायदा मोडला मी?"

"न्हाई."

"कुणाला धोक्याच्या पाण्यात पाठवलं? कुणाची होडी उलटली?"

"न्हाई, बाबा."

"मग मला चारचौघांत खोटं का पाडता?" आता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही त्याला राग आला. "माझं अक्षर न् अक्षर खरं आहे!"

"हाय की."

"हाय की?"

"तुजं समदं खरं हाय, भानुदास."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तुझं खरं आहे म्हणायचं आणि पंचा फिरवायचा, हा कुठला न्याय? भानुदासने खडू जमिनीवर आपटला. त्याचे तीन तुकडे झाले.

"मग फळीवाला कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "मासा असताना मासा आहे असं लिहायचं नाही, तर लिहायचं काय? तुम्ही सांगता त्या बाता? सोनेरी खडस, तळहाताएवढी खवली, पुरुषभर लांब मासा?"

घाटावर दोघे-तिघे हसले. खडस माशाच्या गोष्टी घाटावरच्या सगळ्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या. नवं पाणी आलं की तो धारेवर उड्या घेत चढतो म्हणे, आणि उन्हात त्याची पाठ सोन्यासारखी झळकते म्हणे. म्हातारे जमले की तासन् तास खडस चालायचा. भानुदासने सहा वर्षांत त्याचं एक खवलंही पाहिलं नव्हतं. त्याच्या यंत्रालाही तो कधी दिसला नव्हता.

नाना हसले नाहीत. रागावलेही नाहीत. सुईवर सूत गुंडाळत त्यांनी थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं. लांबवर बेलोडीचं लाल पाणी फुगवट्याच्या निळ्या पाण्यात घुसत होतं.

"खडू पायजे का?" त्यांनी विचारलं.

नको म्हणायला भानुदासची जीभ उचलली नाही.

"फळी उतरव."

"काय?"

"आकड्यांवरनं उतरव. अन् उलटी कर."

भानुदासने घाटाकडे पाहिलं. आता हे आणखी काय नवीन? सगळे दोर हातात धरून त्याच्याकडेच बघत होते. तो धुसफुसत शेडपाशी गेला आणि त्याने फळी दोन्ही हातांनी उचलली. जड होती, सागाची. चाळीस वर्षं ती भिंतीला पाठ लावून होती. खडूने लिहायची, फडक्याने पुसायची, पण तिच्या पाठीमागे काय आहे हे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याने ती उलटी करून भिंतीला टेकवली. मागे कोळिष्टकांचा थर होता, धूळ होती, एक पाल सरसर पळाली. त्याने बाहीने पुसलं.

खाली अक्षरं होती.

ती खडूची नव्हती. पांढऱ्या तेली रंगाची होती. लिहिणाऱ्याने ती पावसाने जाऊ नयेत म्हणून घोटून घोटून, दोनदोनदा कुंचला फिरवून लिहिली होती. एवढं नटवून माणूस एक तर देवळावर लिहितो, नाहीतर स्वतःच्या मोठेपणाचं काही असेल तर.

"वाच," नाना म्हणाले.

"वाचतो की."

"मोठ्यानं. घाटाला ऐकू जाऊ दे."

भानुदासने घसा साफ केला.

"खडस बेलोडीच्या तोंडाशी. मोप. कमरेएवढं पाणी. जाळं नको, हातानं धरा. पोटं गाभोळीनं भरलेली, पळवत न्हाई त्यास्नी. समद्यांनी या..."

तो थांबला.

"फुडं?"

"येसू भोई, फळीवाला."

तान्हूबाईने पदर तोंडाला लावला. घाटावर आता कुणी हसत नव्हतं.

भानुदास वळला. त्याच्या मनात जे काही हलल्यासारखं झालं, त्याला त्याने सरळ रागाखाली दाबलं. सकाळपासून त्याचा अपमान चालला होता आणि आता ही सापडली होती फट. सोडतोय कशाला?

"हे तुम्ही लिहिलंत?"

"म्या."

"आणि माझी फळी पुसता?" तो इतक्या जोरात ओरडला की बाभळीवरचा बगळा उडाला. "सहा वर्षं त्या तोंडाशी जातोय मी, नाना! उन्हात गेलो, पावसात गेलो. पाण्यात उतरलो, यंत्र लावलं, तळ चाचपला. कुठाय खडस? दाखवा मला एक! हातानं धरा म्हणे! या पाण्यात खडस नाही. एकसुद्धा नाही. ज्या फळीवर पन्नास घरं डोळे मिटून भरवसा ठेवतात, त्या फळीवर एवढं खोटं! आणि तेही रंगाने!"

नाना उठले. चालत फळीपाशी आले. पंचा त्यांच्या खांद्यावर होता, पण त्यांनी तो उचलला नाही. रंगाच्या अक्षरांवरून त्यांनी नुसती बोटं फिरवली, आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवतो तशी.

मग खाली वाकून त्यांनी खडूचे तीन तुकडे वेचले आणि भानुदासच्या हातावर ठेवले.

"लिवलं त्या दिशी, पोरा..." ते म्हणाले, "अक्षर न् अक्षर खरं व्हतं."