राहीआक्काचा नमस्कार

लई मागची गोष्ट, तुमच्या पणज्याला दातही आले नव्हते तेव्हाची. आंबेखिंडी गावात राहीआक्का नावाची एक धनगरीण होती. मेंढरांची मोडलेली हाडं बसवायची, माणसांचीही. तिचा हात फिरला की दुखणं आपणहून जागा दाखवायचं, असं म्हणतात.

गावच्या तालमीत तेव्हा रावजी वस्तादांचा शब्द चाले. त्यांचे कायदे दोनच. दुखलं की रगडायचं, आणि बाईनं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही.

चैत्राची जत्रा चार दिवसांवर आली होती आणि गावाची सगळी भिस्त सिदू पैलवानावर. सरावात जोडीदारानं त्याचा डावा हात मागं ओढला, अन् छातीत कापड फाटल्यासारखा आवाज झाला. दंडापर्यंत काळंनिळं पडलं. वस्तादांनी तेल तापवलं, दोघांना सिदूला धरून ठेवायला सांगितलं. सिदूची आई धावत सुटली ती थेट राहीआक्काकडं.

आक्का आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. म्हणाली, "सिदू, मला नमस्कार कर. तळवे एकमेकांवर घट्ट दाब."

माणसं हसली. ही काय नमस्काराची वेळ! पण सिदूनं दाबले. उजव्या काखेपुढची कड दोरखंडासारखी ताठ उभी राहिली. डावीकडं मात्र खळगा, आणि कड सुतळीएवढी बारीक.

"निम्मी दोरी तुटलीया, वस्ताद. रगडलंसा तर उरलेली बी जाईल. मग ह्याला आईच्या डोक्यावरची घागरसुदिक उतरवता यायची न्हाय."

वस्ताद म्हणाले, शंभर पैलवान मी रगडून उभे केलेत, तू मला शिकवू नकोस. आणि त्यांनी तेलाची वाटी उचलली. सिदूची आई दारात रडायला लागली. काय करेल बिचारी, तिलाही आत जायची बंदीच.

तेव्हा राहीआक्कानं उंबरा ओलांडला. तालमीच्या तांबड्या मातीत बाईचं पाऊल! आता छप्पर कोसळणार म्हणून धरणारे दोघे पळाले. छप्पर राहिलं जागेवर, पण वाटीतलं कढत तेल भर चैत्रात गोठलं, असं म्हणतात. मला विचाराल तर वस्तादांचा हातच गोठला असेल.

आक्कानं आपला पदर फाडला आणि सिदूचा हात छातीशी बांधून टाकला. दीड महिना हात उचलायचा नाही. मग नुसता हलवायचा, मग भिंत दाबायची, आणि जोर काढायचे ते दिवाळीनंतर. जत्रेची कुस्ती गेली. गावानं आक्काला शिव्या घातल्या, पाणवठ्यावरून तिची मेंढरं हाकलली. ती रोज येऊन गाठ तपासून जायची.

पुढच्या जत्रेत सिदूनं दोन्ही हातांनी उचलून गड्याला अस्मान दाखवलं. त्याच संध्याकाळी रावजी वस्ताद पहार घेऊन तालमीकडं निघाले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यांनी एकट्यानं उंबरा उपटून काढला.

आजही आंबेखिंडीच्या तालमीला उंबरा नाही. कुस्तीआधी तिथला पैलवान तळवे घट्ट दाबून नमस्कार करतो. पाहुण्यांना वाटतं, देवाला केला. वस्ताद मात्र त्याच्या काखेकडं बघत असतो.