न गाणाऱ्या कोकिळेचं रान

एका दांडग्या राजाची एक चिमुकली लेक होती, शेवंता. तिला झोपच येईना. डोळे टक्क उघडे. राजा म्हणाला, "महालामागचं रान सारखं सळसळतं, त्यानं पोर झोपत नाही. तोडून टाका ते."

हे ऐकलं येसाक्कानं. ती त्या रानातली पळसाची पानं आणायची, पत्रावळी लावायची. रान गेलं तर बिचारी खाणार काय? ती म्हणाली, "महाराज, तीन दिवस थांबा. रानातली कोकिळा झोपवेल तिला."

राजाला कुठला धीर. पुढचं ऐकायच्या आत त्यानं कोकिळा पकडायला शिपाई धाडले.

पहिल्या दिवशी पिंजऱ्यातून कोकीळ आला. तो कुहू म्हणाला, शेवंताही कुहू म्हणाली. त्यानं आवाज चढवला, तिनंही चढवला. दोघांचे घसे बसले, पण झोप नाही.

दुसऱ्या दिवशी कोकिळेच्याच कुळातला पावशा आला. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असा तो मागेच लागला. महालाच्या माळीबुवांनी भर वैशाखात पाणी सोडून बी पेरलं, आणि शेवंता त्यांच्यामागून चिखल तुडवत हिंडली.

तिसऱ्या दिवशी येसाक्का म्हणाली, "दोन्ही पाखरांना सोडा. माझी कोकिळा पिंजऱ्यात येत नाही. पोरीलाच तिच्याकडे नेते."

ही कोकिळा कशी, बरं का? अंग राखी-हिरवट, चोच पोपटी, डोळ्याभोवती निळं कडं. शेपूट हीऽ लांब, टोकांना पांढरे ठिपके. उडायचा भारी कंटाळा. काटेरी जाळीतून मुंगसासारखी सरकते, टोळ वेचते. गाणं नाही, आणि अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालणंही नाही. काटक्या आणून आपलं आपण बांधते.

"मला दिसेल?" शेवंतानं विचारलं.

"गप्प बसलीस तर. हूं की चूं केलंस, की गेली."

रानात जाळीसमोर शेवंता आक्काच्या मांडीवर गप्प बसली. मग एक पान हललं. मग निळ्या कड्याचा डोळा दिसला. मग लांब शेपूट सरकत सरकत घरट्यात शिरली. पाखरानं पापण्या मिटल्या. शेवंतानंही मिटल्या.

तेवढ्यात तीन दिवस सरले म्हणून राजा आला, मागे कुऱ्हाडवाले. एकानं कुऱ्हाड उगारली.

"अरे हळू," राजा कुजबुजला, "पोर उठेल ना."

"मग तोडायचं कधी, महाराज?"

"ती उठल्यावर बघू."

"उठल्यावर ती पुन्हा पाखरू शोधायला येणार," आक्का म्हणाली.

राजानं लेकीकडे पाहिलं. मग जोडे हातात घेतले आणि कुऱ्हाडवाल्यांना पाय न वाजवता माघारी नेलं.

रान राहिलं. आक्का, शेवंता, राजा, सगळे सुखात राहिले. आता तुम्हीही हलू नका, बाळांनो. जाळीत ती आली असेल. मिटा डोळे.