कुवलयेचा पुरलेला रांजण

एका राज्यात कुणी कुणाच्या हातचं पाणी पीत नसे. पाहुणा आपला तांब्या आपणच घेऊन येई, आणि यजमानाला त्याचा राग येत नसे, कारण त्यालाही तो तांब्या तपासायचाच असे. नवरा वाढलेलं ताट बायकोपुढे सरकवी, बायको ते पुन्हा त्याच्यापुढे सरकवी, आणि आमटी निवून जाई.

हा शाप धूम्रा चेटकिणीचा. तिने एकदा राजवाड्यात द्राक्षासव मागितलं. हिने त्यात आधीच विष कालवलं असणार, असं राजा चंडसेनाच्या मनाने घेतलं. त्याने पद्मनाभ आसवकाराला पुरलेला रांजण वेळेआधीच उघडायला लावला. आत विष नव्हतं. पण वारा लागला आणि आसवाचं आंबट पाणी झालं.

धूम्रा म्हणाली, "राजा, आता तुझ्या राज्यात सगळे एकमेकांवर शंका घेतील, आणि त्या शंकेने प्रत्येक रांजण नासेल. दुसऱ्याच्या हातचा पेला शंका न घेता पिशील, तेव्हा शाप सुटेल."

ती धूर होऊन विरली, आणि त्याच क्षणी पद्मनाभही दिसेनासा झाला. राजा म्हणे, तो पळाला. पद्मनाभाची मुलगी कुवलया म्हणे, राजानेच बाबांचा काटा काढला. ती हे मोठ्याने म्हणत नसे, एवढंच.

मोठी झाल्यावर तिने बाबांची जुनी रीत पुन्हा हाती घेतली. द्राक्षं पायांनी तुडवायची, तांबडा रंग उतरावा म्हणून साली रसातच ठेवायच्या, रांजण मेणाने बंद करून गळ्यापर्यंत पुरायचा. मग उघडून पाहायचं नाही. झाकणाला कान लावायचा. रस गुणगुणतो आहे तोवर कच्चा, गप्प झाला की तयार. शेजारीपाजारी मात्र रोज झाकण उचलून बघत, आणि आसव नासलं की एकमेकांकडे बोट दाखवत.

कुवलया दरबारात गेली. "महाराज, मी आसव करते. ते तुम्ही प्यालात तर शाप सुटेल. मग माझे बाबा, जिवंत वा मेलेले, मला हवेत."

"तो माझ्यापाशी नाही."

"शाप सुटला की कळेल."

राजाने डोळे बारीक केले. त्याने तीन अटी घातल्या: द्राक्षं धूम्रेच्या ओसाड बागेतली आणायची, शिपायांसमोर तुडवायची, आणि रांजण राजाच्या अंगणात पुरायचा. आसव नासलं तर देश सोडायचा.

धूम्रेच्या बागेत वेलीने कुवलयेचं मनगट धरलं आणि विचारलं, "कुणासाठी तोडतेस?" खोटं बोलणाऱ्यांचे हात तिथे अजून लोंबकळत होते. कुवलया म्हणाली, "बाबांसाठी." वेलीने मनगट सोडलं. मांडवावरून एक साळुंकी ओरडली, "विषारी आहेत, खाऊ नकोस." कुवलयेने एक मणी तोंडात टाकला. तो गोड होता. साळुंकी तिच्या मागोमाग आली.

तुडवताना शिपायांनी कुवलयेची नखं तपासली, तळवे हुंगले. एकाला शिंकाही आल्या. साळुंकी म्हणाली, "शिंकणाऱ्याने काहीतरी टाकलं." झालं, शिपाई आपसांत भिडले. कुवलया तुडवत राहिली.

रांजण पुरला. साळुंकीचा एकच धोशा: "आत विष पडलंय. उघडून बघ." कुवलया किती दिवस ऐकून घेणार? एका सकाळी तिची नखं मेणात रुतली. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. साळुंकी मान तिरकी करून, डोळे मिटून झाकणाशी कान लावत होती. बाबा अगदी तस्सेच ऐकायचे. कुवलयेने हात मागे घेतला आणि स्वतःही कान लावला. आत रस गुणगुणत होता.

तो गप्प झाला, तेव्हा तिने राजाला बोलावलं; सारा दरबार अंगणात जमला. मेण निघालं. तिने पेला भरला; आसव तांबडं, नितळ होतं.

"आधी तू पी," राजा म्हणाला.

"करणाऱ्याने शेवटी प्यायचं, ही आमची रीत आहे, महाराज. मी आधी प्याले तर तुमची शंका जाणार नाही, नुसती झाकली जाईल."

दरबार कुजबुजला. राजाने कमरेची चामड्याची पिशवी सोडून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतलं. "मग माझ्या हातचं तू पी."

साळुंकी किंचाळली, "पिऊ नकोस. याच हाताने तुझ्या बापाला मारलं."

कुवलया हादरली. इतकी वर्षं तिच्या मनात होतं ते हेच. तिने पेला धरलेल्या हाताकडे पाहिलं. त्या हातून कित्येक वर्षांत कुणी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, तरी ती प्यायली. पाणी कोमट होतं आणि त्याला चामड्याचा वास येत होता.

"माझ्यावर विश्वास बसला?" राजाने विचारलं.

"नाही, महाराज. पण कुणीतरी सुरुवात करायला हवी होती."

राजाने आसवाचा पेला उचलला, आत न बघता तोंडाला लावला आणि रिकामा केला.

"चांगलं झालंय," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

साळुंकी खाली पडली. उठला तो म्हातारा पद्मनाभ, केसांत पिसं अडकलेली. रांजण उघडल्याची शिक्षा म्हणून त्याच्या तोंडून इतकी वर्षं शंकेवाचून दुसरं काही निघत नव्हतं. आता त्याने मेणाचा तुकडा उचलून निरखला.

"मेण जरा जास्तच लावलंस, पोरी."

कुवलया भर दरबारात हमसून हमसून रडली. मग बाबांनी भरून दिलेला शेवटचा पेला तिने घेतला, आणि तिनेही आत पाहिलं नाही.

त्या राज्यात आता पाहुणे रिकाम्या हाताने येतात. आमटी गरम असतानाच जेवणं होतात.