भिवरा साळीण आणि बारवेच्या आसरा

फार वर्षांपूर्वी कोरड्या माळावरच्या धोंडबारव गावात एक होता कोंडाजी साळी, एक होती त्याची बायको भिवरा, आणि त्या दोघांचा एकुलता एक मुलगा गेना. घरात हातमाग होता. कोंडाजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा, पायानं पावड्या दाबायचा, हातानं सुताचा धोटा इकडून तिकडे फेकायचा, आणि भिवरा त्याला कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे बोटाएवढी काडी. तिच्यावर सूत गुंडाळताना हात जरासा ओढला गेला की सूत तुटतं. भिवराच्या हातून ते कधी तुटलं नाही, असं म्हणतात.

गावाला पाणी एकच, मोठी दगडी बारव. पायऱ्या उतरून खाली जायचं, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. तळाशी, पाण्याच्या कडेला एक कोनाडा, आणि त्यात शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. पाणी त्यांचं, गावही त्यांचंच.

आणि त्या गावाला नारू होता.

आताच्या पोरांना नारू माहीत नाही, हे त्यांचं भाग्य. नारू म्हणजे सुतासारखा पांढरा, हातभर लांब जंत. माणसाच्या अंगात तो गुपचूप वाढतो, आणि ऊन तापलं की पायाला फोड आणून तिथून तोंड बाहेर काढतो. आग अशी होते की धडधाकट गडी लेकरासारखा रडतो. चैत्र लागला की धोंडबारवेत घराघरात कोणी ना कोणी खाटेला खिळलेलं असायचं. नांगरटीला माणूस मिळायचा नाही. आसपासची गावं 'लंगडं गाव' म्हणून हसायची आणि तिथं पोरी द्यायला कचरायची.

गाव म्हणायचं, हा आसरांचा कोप. ज्याला नारू निघेल त्याला धरून बारवेत न्यायचं, गुडघाभर पाण्यात आसरांपुढे उभं करायचं, दहीभात ठेवायचा, हिरव्या बांगड्या वाहायच्या आणि क्षमा मागायची. पाय पाण्यात पडला की आग थांबायची. माणूस डोळे मिटून म्हणायचा, "पावल्या गं बायांनो!" मग दुसरा विचार कोण कशाला करील?

एका उन्हाळ्यात कोंडाजीच्या पायाला नारू निघाला. आसरांची पूजा केरबा भगताकडे होती आणि नारूही तोच काढायचा. त्यानं जंत चिमटीत धरला आणि ओढला. अर्धा बाहेर आला, अर्धा आतच तुटला. पाय भोपळ्यासारखा सुजला, तापानं कोंडाजी बरळायला लागला, आणि बरा झाला तेव्हा गुडघा कायमचा आखडला होता. तो पुन्हा मागावर बसला नाही. मागावर गेना बसला. कोंडाजी खाटेवरून म्हणायचा, "पाय गेला, तोंड शाबूत आहे. भगताला म्हणावं, तेही एकदा ओढून बघ!"

पण गेनाच्या घोट्यावर फोड दिसला तेव्हा कोंडाजीला थट्टा सुचली नाही. हाही पाय गेला तर माग थांबणार, चूल थांबणार, आणि त्या घरात सून म्हणून कधी कोणी येणार नाही, हे तिघांनाही न बोलता कळलं. भिवरा रीतीप्रमाणे मुलाला बारवेत घेऊन गेली, पाण्यात उभं करून तिनं नाक घासलं. घरी आली तर केरबा दारात हजर.

"केरबाभावजी, याला हात लावायचा नाही."

"मग काढणार कोण? तू?"

"ते सूत आहे. सुतातलं मला कळतं."

तिनं फोडावर गार पाणी सोडलं. नारूनं डोकं काढलं, तसा तिनं तो कांडीवर घेतला. करंगळीच्या पेराएवढा आला, तिथं थांबली. कांडी पायालाच फडक्यानं बांधून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा थोडासा. तो देईल तेवढाच घ्यायचा. अडला की सोडून द्यायचं. असं करत करत अख्खा नारू कांडीवर आला आणि गेना उठून मागावर बसला.

मग काय! धोंडबारवच काय, लांबलांबून माणसं बैलगाडीत घालून तिच्या दारात यायला लागली. असं म्हणतात, की तिनं कांडी हातात घेतली की जंत आपणहून वळायचा, जसं दमलेलं जनावर गोठ्याकडे वळतं.

एकदा ती अशीच कुणा बाईच्या पायावर पाणी सोडत होती. खाली परात होती. नारूच्या तोंडातून काहीतरी सुटलं आणि परातीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं. भिवराचा हात थांबला. सूत रंगवायच्या हौदात एका कोपऱ्यात मूठभर रंग टाकला की सगळा हौद रंगतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती. आणि गावानं तर पिढ्यान्‌पिढ्या माणसं धरून धरून बारवेत उभी केली होती. तिनं स्वतःच्या मुलालाही केलं होतं.

"अवं," ती कोंडाजीला म्हणाली, "हा कोप नाही. हे आपणच कालवतोय आणि आपणच पितोय."

कोंडाजीनं परातीत बघितलं. मग उशाजवळचा पाण्याचा तांब्या हातानं लांब सारला.

दुसऱ्या सकाळी भिवरा पदर खोचून पाण्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. घागरी घेऊन आलेल्या बायांना म्हणाली, "पाण्यात पाय घालायचा नाही. मी भरून देते." एक आजारी पोर घेऊन आलेला बाप ओरडला, बाया कुजबुजल्या, आणि केरबा वरून खेकसला, "साळणीनं माग सोडून आता देव चालवायला घेतले का?"

गावचा सुभानराव पाटील आला. "भिवरे, ऊठ. आसरांच्या वाटेत बसलीस."

"पाटील, तुमच्या देवघरात कोणी पू गळता पाय घेऊन शिरलं तर चालेल तुम्हाला?"

"जीभ आवर."

"मग आसरांच्या घरात कसं चालतं? त्याही बायामाणसंच. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात आपण फोड धुतो, आणि वर त्यांचाच कोप म्हणतो."

पाटलानं कोनाड्याकडे बघितलं. केरबा मात्र हसून म्हणाला, "अगं, पण त्यांच्या पाया पडायचं तर खाली उतरायलाच हवं. का त्या आता पायऱ्या चढून वर येणार आहेत?"

सगळे हसले. भिवरा हसली नाही. तिनं कोनाड्याकडे वळून हात जोडले. "बायांनो, आम्ही तुमचं घर नासवलं. आता तुम्हीच वर या."

आणि ऐका, दुसऱ्या सकाळी काय झालं. बाया पाण्याला आल्या तर बारवेच्या काठावर, पिंपळाखाली, साती दगड ओळीनं बसलेले. शेंदूर ओला. तळापासून काठापर्यंत प्रत्येक पायरीवर ओली पावलं, कुमारिकांची असावीत तशी लहान, सात जणींची. ऊन चढलं, दगड तापले, तरी ती पावलं दुपारपर्यंत वाळली नाहीत. कोणी म्हणतं, भिवरानंच एकेक दगड उराशी धरून वर आणला, तिचे दोन्ही हात कितीतरी दिवस सोललेले होते. मग ती सात जणींची पावलं कुणाची? ज्याला जे मानायचं ते त्यानं मानावं. त्या दिवशी अख्खं गाव पायऱ्यांकडे बघत उभं होतं, एवढं खरं.

पाटलानं दगडांपुढे डोकं टेकलं. पण उठताना म्हणाला, "ठीक आहे. वर्षभर कोणी पाण्यात उतरणार नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात नारू निघाला, तर साळ्याचं घर या गावात राहणार नाही."

भिवरा वर्षभर काठावर उभी राहिली. पोहरा सोडायची, ओढायची, आणि गेनानं विणलेल्या घट्ट कापडाची चौपदरी घडी घागरीच्या तोंडावर धरून पाणी गाळून द्यायची. ज्यांना बारवेची पायरीही शिवू देत नसत, त्यांच्या मडक्यातही तिनं त्याच पोहऱ्यानं पाणी ओतलं, असं म्हणतात.

उन्हाळा आला. आणि नारू निघाला. घरोघर निघाला, तसाच, दर वर्षीसारखा. गेनाच्याही दुसऱ्या पायाला निघाला.

पाटलानं माग उचलून न्यायला बैलगाडी जुंपून दारात उभी केली. मागोमाग सगळं गाव. केरबा म्हणाला, "बघा! देवींना उन्हात बसवलं, त्याचं हे फळ."

भिवरा मुलाचा पाय मांडीवर घेऊन कांडी फिरवत होती. तिनं मानही वर केली नाही. "पाटील, तुमच्या थोरल्या सूनबाईंना पहिला नारू कधी निघाला?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. त्याचं काय?"

"केरबाभावजी, आमच्या जाऊबाईंना?"

केरबा कुरकुरत म्हणाला, "दुसऱ्याच वर्षी."

"मलाही दुसऱ्याच," गर्दीतून एक म्हातारी म्हणाली. "मलाही गं," दुसरी म्हणाली.

"या गावात आलेली नवी सून पहिल्या उन्हाळ्यात कधी नारूनं पडली? एकीचं नाव सांगा," भिवरा म्हणाली.

कोणालाच नाव आठवेना.

"प्यायलेलं पाणी वर्षानं पायातून बाहेर येतं. हा जो निघालाय, तो मी काठावर उभी राहायच्या आधीचा आहे. मला एक उन्हाळा द्या. मग गाडी मीच जुंपीन."

पाटील काही बोलायच्या आत त्याची थोरली सून गर्दीतून पुढे आली. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि सासऱ्यादेखत बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं. पाटलानं तिच्याकडे बघितलं, बैलांकडे बघितलं आणि तो घरी निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात माणसं सकाळी उठली की आधी आपापले घोटे चाचपायची. चैत्र गेला, कोणी बोललं नाही. वैशाख गेला, तरी बोलायची कोणाची छाती होईना. मृग निघाला, आणि गावातला झाडून सगळा गडी आपल्या पायांनी चालत शेतावर गेला. एकाच्याही पायाला फोड नव्हता. रिकाम्या खाटा अंगणात उभ्या करून बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. केरबा भगत दहीभाताचं ताट घेऊन भिवराच्या दारात आला. "वहिनी, माझं चुकलं."

"मला कशाला? पिंपळाखालच्या सात जणींना ठेवा," ती म्हणाली.

भिवरा पुष्कळ जगली आणि बारवेच्या काठावर बसल्या बसल्याच गेली. असं म्हणतात, की ऐन दुष्काळाच्या त्या दिवशी बारवेचं पाणी पायरी पायरी चढत काठापर्यंत आलं, आणि तिच्या पावलांना न शिवता तसंच खाली उतरलं.

आता धोंडबारवेत घरोघर नळ आहेत. तरी बारवेत कोणी पाय बुडवत नाही, अजाण लेकरूसुद्धा. आणि लग्न होऊन नवी सून आली, की उंबरा ओलांडायच्या आधी तिला काठावर नेतात. ती पोहऱ्यानं पाणी काढते, चौपदरी फडक्यातून गाळते आणि सासरच्या माणसांना ओंजळ ओंजळ पाजते. त्याला 'भिवराईचं पाणी' म्हणतात. ते पाजल्याशिवाय सून गावची होत नाही.

हा मान पहिल्यांदा मिळाला तो भिवराच्याच सुनेला. तेव्हा असं झालं, की नदीकाठच्या गावचा हैबती साळी भर वैशाखात धोंडबारवेला आला. कुणाकडे आलो ते त्यानं सांगितलं नाही. दिवसभर पिंपळाखाली बसून पाण्याला येणारी-जाणारी माणसं बघत राहिला. दिवस कलल्यावर कोंडाजीच्या दारात येऊन म्हणाला, "माझी मैना तुमच्या घरात द्यायची म्हणतो."

कोंडाजी गडबडला. "अहो पाव्हणं, आधी पोरगा तरी बघा!"

"सगळं गाव चालताना बघितलं," हैबती म्हणाला. "आता पोरगा काय बघायचा?"

मैना आली. तिच्या पायाला कधी फोड आला नाही. तिला लेकरं झाली, आणि पायात बळ येताच ती लेकरं घरभर धावायला लागली. कोंडाजी खाटेवरून ओरडायचा, "अरे हळू, माग मोडाल!"

ती हळू म्हणून कधी धावलीच नाहीत.