बेटावरची चूल

समुद्राकाठी एक बंदर होते. त्याच्या तोंडाशी, या काठापासून त्या काठापर्यंत, एक लोखंडी साखळदंड ताणलेला असे. त्या साखळदंडाच्या कुलपाची किल्ली आवडाई नावाच्या एका विधवेच्या कमरेला असे.

हे काम बाईमाणसाकडे आले त्याला कारण घडले होते. काही वर्षांपूर्वी धान्याच्या गलबताबरोबर बंदरात ताप आला. गलबत माल उतरवून निघून गेले, ताप मागे राहिला. आळ्याच्या आळ्या ओस पडल्या. आवडाईचा नवरा आणि दोन्ही लेकी त्यात गेल्या. तेव्हा राजाने नियम घातला. दूरदेशीच्या बंदरांत अशी रीत आहे, असे खलाशी सांगत असत. ज्या गलबतावर तापाचा माणूस असेल, त्याने किनाऱ्याला लागायचे नाही. समोरच्या खडकाळ बेटावर थांबायचे. ताप पुरता निवला, नवे कोणी आजारी पडेना, की मगच साखळदंड खाली सोडायचा. तोवर त्यांचे पाणी, तांदूळ आणि लाकूडफाटा गावाने पोचवायचा.

नियम सर्वांना पटला, पण राखणीला कोणी पुढे येईना. उद्या आपल्याच माणसाला अडवायची वेळ आली तर? शेवटी आवडाई उठली. आपल्याजवळून कोणी न्यावे असे आता काही उरलेले नाही, एवढेच ती म्हणाली आणि तिने किल्ली घेतली.

पहिल्यांदा अडकले ते कोळ्यांचे तारू. त्यात हिरू कोळणीचा नवरा तापाने फणफणलेला होता. हिरू आवडाईशी भांडली, मग तिच्या पाया पडली. आवडाईने किल्ली काढली नाही. हिरूचा नवरा बेटावरच वारला. गावाने मान डोलावली. नियम म्हणजे नियम, असे जो तो म्हणाला. हिरूने मात्र आवडाईशी बोलणे टाकले.

मग एका सकाळी राजाचा धाकटा भाऊ जयवंतराव परदेशाहून परतला. किनाऱ्यावर तोरणे लागली, वाजंत्री बसली. आवडाई होडी घेऊन गलबताजवळ गेली आणि खालूनच विचारपूस करू लागली. खलाशी एकमेकांकडे पाहू लागले. खलाशांचा म्होरक्या, एक म्हातारा तांडेल, खरे बोलला. तळाशी दोघे तापाने पडले होते. आवडाईने हात वर करून बेटाकडे बोट दाखवले.

वाजंत्री थांबली. निरोपावर निरोप आले. शेवटी राजा स्वतः धक्क्यावर आला. मागे सारे बंदर लोटले होते.

"आवडाई, कुलूप काढ," राजा म्हणाला. "गलबतावर माझा भाऊ आहे."

"तारवात हिरूचा नवरा होता, महाराज. तेव्हा मी काढलं नाही."

"नियम मी घातला, मीच सूट देतो."

आवडाईने किल्ली मुठीत धरली. "तापाला तुमची सूट कळत नाही. मला कामावरून काढा, कोठडीत घाला. पण हे कुलूप माझ्या हातून उघडणार नाही."

शिपाई पुढे झाले. राजाने त्यांना थांबवले नाही, आणि हुकूमही दिला नाही. त्याची नजर गर्दीवर गेली. गर्दीत हिरू उभी होती. ती त्याच्याकडेच पाहत होती. राजाने मान खाली घातली आणि तो वाड्याकडे परतला. गलबत बेटाला लागले.

पण गोष्ट इथे संपली नाही. बेटावर माणसे मरू लागल्याची बातमी आली आणि बंदराची पाचावर धारण बसली. पाणी पोचवणाऱ्या होड्या जागच्या हलेनात. राजाचा हुकूम निघाला, पण होडी निघेना. ज्यांनी तोरणे बांधली होती तेच म्हणू लागले, की तिकडे जाणारा ताप घेऊनच येईल, तेव्हा त्यांचे दैव त्यांच्यापाशी.

आवडाईने किल्ली राजाच्या शिपायाच्या हवाली केली आणि पाण्याची पिंपे, तांदळाची पोती किनाऱ्यावर आणली. लोकांनी वाट अडवली. एकाने विचारले, बेटावर तूच धाडलेस ना, मग आता कसला कळवळा?

"दार मी लावलं," आवडाई म्हणाली. "आतल्यांना पाणी देणंही माझ्याकडेच लागलं."

"गेलीस तर परत येऊ देणार नाही."

"नका देऊ. तोही नियमच आहे. त्यांच्याबरोबरच येईन."

तिची होडी वाळूत रुतली होती. एकटीला हलेना. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने कोणीतरी खांदा लावला. ती हिरू होती. दोघींनी मिळून होडी पाण्यात ढकलली. हिरू एवढेच म्हणाली, "माझ्या घोवाला पाणी पोचत होतं. यांनाही पोचू दे."

आवडाईने बेटाच्या अलीकडच्या टोकाला चूल मांडली. भात शिजला की भांडे मधल्या खडकावर ठेवून ती मागे सरे. मग पलीकडचे येऊन घेऊन जात. जयवंतरावाने पहिले भांडे लाथेने समुद्रात उडवले आणि तिला नाही नाही ते बोलला. आवडाईने दुसरे ठेवले. पुढे तो म्हातारा तांडेल गेला. त्याच्या सरणाची लाकडे जयवंतरावाने आपल्या खांद्यावर वाहिली. त्यानंतर किनाऱ्याला जायचा विषय त्याने काढला नाही. भांडे घ्यायला तोच येऊ लागला, आणि खडकाआडून आवडाईला विचारू लागला, तुम्ही जेवलात का.

ताप निवला. कित्येक गेले, पुष्कळ वाचले. बंदरात मात्र एका घरातही ताप शिरला नाही. साखळदंड खाली गेला तेव्हा जयवंतराव मान खाली घालून धक्क्यावर उतरला आणि त्याने पहिल्यांदा तांडेलाच्या घराची वाट विचारली.

राजाने दरबार भरवला. आवडाईला शालजोडी द्यायची ठरली. मानकरी बोलवायला आला तेव्हा ती किल्ली पुन्हा कमरेला लावून बंदराच्या तोंडाशी उभी होती. क्षितिजावर एक अनोळखी गलबत दिसत होते, आणि त्यावरून कोणी हात करत नव्हते.

ती म्हणाली, "महाराजांना सांगा, मला सवड नाही. आणि शाल पाठवू नका, पाण्याची होडी पाठवा. या खेपेला न मागता."

ती त्या गलबताला बेटाकडे बोट दाखवत उभी असतानाच वाड्याची होडी आली. पाण्याची पिंपे होती, आणि वल्ह्यावर जयवंतराव होता.

तात्पर्य: सर्वांच्या भल्याचा नियम कोळ्याला आणि राजाच्या भावाला सारखाच हवा, आणि गावासाठी ज्याला दूर ठेवले, त्याची चूल विझू न देणे हे गावाचेच काम आहे.