भरल्या गाडीचा आवाज

एका घाटाच्या पायथ्याशी, रस्ता जिथे वर चढायला लागतो तिथे, एकदा एक वृद्ध मिस्त्री गॅरेज चालवीत असत. त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळा भाग त्यांना उस्ताद म्हणे. घाट चढण्याआधी गाडी एकदा उस्तादांच्या नजरेखालून जाऊ द्यावी, अशी त्या रस्त्यावरच्या चालकांची पद्धतच पडून गेली होती. त्यांच्या हाताखाली दिगंबर नावाचा शिष्य तयार झाला होता. हात चांगला, बुद्धी चांगली, कष्टाला मागे हटणारा नव्हे. दोष एकच, आणि तो तुमच्याआमच्यात असतो तोच. समोरचा माणूस अडचण सांगत असताना, त्याचं सांगून संपायच्या आतच याचा हात हत्याराकडे जाई.

उस्ताद मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीच्या गावी गेले आणि गॅरेज दिगंबरवर आलं. त्याच सुमारास गावातले भुसार मालाचे एक व्यापारी आपली मोटार घेऊन आले. मोटारीला नवी, चकचकीत, रुंद चाकं बसवलेली होती. गाडी खड्ड्यातून गेली किंवा वळली की मागून खर्र असा आवाज येत होता. दिगंबरनं वाकून पाहिलं. नवी चाकं मूळच्या चाकांपेक्षा रुंद होती आणि बसवल्यावर बोटभर बाहेर येत होती. टायर मडगार्डच्या कडेला घासत होता. यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं.

तो म्हणाला, "शेठ, ही चाकं तुमच्या गाडीची नव्हेत. जुनी घरात असतील ना? ती आणा, लगेच बसवून देतो."

व्यापारी म्हणाले, "ते सोडून बोल. आवाज बंद व्हायला पाहिजे, पण ही चाकं निघता कामा नयेत."

ही अट का, तेही त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा सोमनाथ दुकानाची गादी नाकारून दूरच्या शहरी नोकरीला गेला होता. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद पडलं होतं. बंद म्हणजे आपल्याकडे पडतं तसं. दोघंही बोलत, पण आईमार्फत. 'आप्पांना सांग, मी रविवारी येतोय.' 'त्याला विचार, जेवणार आहे का.' दोघं एकाच खोलीत असले तरी असंच चाले. काही वर्षं अशी गेली आणि यंदाच्या पाडव्याला मुलानं बापाच्या नकळत गाडी शहरात नेऊन ही चाकं बसवून आणली. दारात गाडी उभी करून तो आईला म्हणाला, "आप्पांना विचार, आवडली का."

"मी बघितली आणि लई छान आहेत म्हणालो," व्यापारी सांगत होते. "त्याच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी हसू बघितलं मी. आता काढून ठेवली तर तो काय समजेल? बापाला माझं काहीच चालत नाही, असंच समजेल. पुन्हा घराकडे फिरकायचा नाही. तू आवाज तेवढा घालव, बाबा."

दिगंबरला त्यांची दया आली. त्यानं गाडी जॅकवर उचलली. गाडी उचलली की चाक खाली लोंबतं आणि मडगार्डपासून लांब जातं, त्यामुळे हातानं फिरवून पाहिलं तर कुठेच लागत नव्हतं. तरी त्यानं मडगार्डची कड ठोकून आत वळवली. एकटा बसून बाजारपेठेपर्यंत चक्कर मारून आला. आवाज नव्हता. व्यापारी समाधानानं गाडी घेऊन गेले आणि आठवड्याच्या आत परत आले. घरातली सगळी माणसं बसली की पुन्हा खर्र होत होतं.

मग दिगंबरनं मडगार्डच्या आत चिखल अडवायला असते ती प्लॅस्टिकची वाटी कापली. पुन्हा एकट्यानं चक्कर, पुन्हा सगळं ठीक, आणि पुन्हा व्यापारी दारात. तिसऱ्या खेपेला त्यानं गाडी खाली बसूच नये म्हणून मागच्या स्प्रिंगमध्ये रबराचे ठोकळे घातले. आवाज बराच कमी झाला, पण गाडी बैलगाडीसारखी आपटायला लागली. व्यापाऱ्यांच्या म्हाताऱ्या आईची पाठ धरली. तिनं सोमनाथसमोर काही बोलू नये म्हणून व्यापाऱ्यांनी तिला घरातच दटावलं. बघा, एका खोट्या शब्दासाठी माणूस कुठवर जातो.

अशात उस्ताद परतले आणि दिगंबरनं त्यांना या चाकांची सगळी हकीकत सांगितली. दुसऱ्याच दिवशी व्यापारी चौथ्यांदा आले. घाटापलीकडच्या गावी त्यांच्या लेकीच्या बाळाचं बारसं होतं, सगळं घर जायचं होतं, सोमनाथही त्यासाठी आला होता. आवाज अजून पुरता गेला नव्हता. उस्ताद हिरवा चष्मा लावून गाडीभोवती एकदा फिरले. खाली बसून त्यांनी मागच्या उजव्या टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. रबर झिजून आतले धागे हाताला लागत होते. हा टायर पुरा घाट चढताना तापून फुटला असता.

उस्ताद उठून म्हणाले, "शेठ, आत्ता घरी जा आणि बारशाला जी जी माणसं जाणार आहेत ती सगळी घेऊन या. ज्यानं चाकं आणली त्यालाही आणा. मला गाडी भरलेली बघायची आहे."

व्यापाऱ्यांचा चेहरा उतरला. "त्याला कशाला, उस्ताद? वजनच हवं तर धान्याची पोती टाकतो की मागे."

"पोत्यांना ऐकू येत नाही," उस्ताद म्हणाले.

दिगंबरलाही हे चमत्कारिक वाटलं. टायर कुठे घासतोय ते दिसत होतं, झीज हाताला लागत होती. मग हा खटाटोप कशासाठी? पण उस्तादांना उलट विचारायची सोय नव्हती. थोड्या वेळानं व्यापारी घरची मंडळी घेऊन आले. उस्तादांनी गाडी दिगंबरला चालवायला दिली आणि व्यापाऱ्यांना पुढे त्याच्या शेजारी बसवलं. मागे आजी, व्यापाऱ्यांची पत्नी आणि उजव्या बाजूला, बरोबर त्या चाकावर, सोमनाथ. "घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत हळू जा आणि परत ये," एवढंच सांगून उस्ताद बाकावर बसून राहिले.

गाडी भरली तशी खाली बसली. पहिल्याच खड्ड्यात आजी कण्हली आणि त्यापाठोपाठ सोमनाथच्या कानाखाली खर्र झालं. तो दचकला. पुढे वळणावर पुन्हा झालं, या वेळी लांबलचक, आणि जळक्या रबराचा वास आला.

सोमनाथ म्हणाला, "आई, आप्पांना विचार, हा आवाज कधीपासून येतोय."

 आई म्हणाली, "तूच विचार. समोर बसलेत."

दिगंबरनं गाडी कडेला घेतली आणि थांबवली.  सोमनाथनं पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. "आप्पा, कधीपासून?"

"चाकं बसवली तेव्हापासून," व्यापारी समोरच्या काचेतून बाहेर पाहत म्हणाले.

"मग मला सांगितलं का नाही? तुम्ही तर छान आहेत म्हणालात."

"तू पुन्हा जाशील अशी भीती वाटली मला." व्यापारी मागे वळले. "दुकानाचं मी कधीच सोडून दिलंय रे मनातनं. तू घरी येत राहावंस, एवढंच पाहिजे होतं. या चाकांपायी गाडी आपटून आजीची पाठ धरली तरी चालेल, पण तुला वाईट वाटू नये, असं झालं माझं."

सोमनाथ पुढे वाकला. "आप्पा, चाकं बसत नाहीत म्हणाला असतात तर मी ती काढून टाकली असती. तासभर वाईट वाटलं असतं. आजीची पाठ माझ्यामुळे दुखतीये आणि मी पाडव्यापासून खुशीत फिरतोय, याची लाज वाटते मला. तुम्ही मला एवढंही सांगू शकत नाही, इतका लांबचा झालो का मी?"

व्यापाऱ्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि सीटच्या पाठीवरचा मुलाचा हात धरला. आजीनं पदरानं डोळे पुसले. तिथून दिगंबरनं गाडी अगदी हळू, चालण्याच्या वेगानं परत आणली.

गॅरेजमध्ये येताच सोमनाथ खाली उतरला, उस्तादांकडून पाना मागून घेतला आणि स्वतः चाकांचे बोल्ट सैल करायला बसला. घरून जुनी चाकं आणवली गेली, आणि दिगंबरनं स्प्रिंगमधले रबराचे ठोकळे काढून टाकले. व्यापारी त्याच्या शेजारी उकिडवे बसून एकेक बोल्ट हातात घेत होते. काम होईपर्यंत दोघं बोलत होते. कामाचंच, बोल्ट आणि चाक यांचं, पण सरळ एकमेकांशी. ती मंडळी गेली तेव्हा गाडीचा कसलाही आवाज येत नव्हता.

मग दिगंबर उस्तादांजवळ येऊन उभा राहिला. "उस्ताद, चाकं काढायची हे तर मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. त्यांनीच ऐकलं नाही. मग माझं चुकलं कुठे?"

उस्तादांनी त्याला जवळ बसवलं. "तू काय काय कापलंस आणि ठोकलंस ते सांग."

"मडगार्डची कड ठोकली. आतली वाटी कापली. स्प्रिंगमध्ये रबर घातलं."

"म्हणजे गाडीतलं जे जे नीट होतं त्याला तू इजा केलीस, आणि जे बसत नव्हतं त्याला सांभाळलंस. शेठनीही घरात तेच केलं. आईला दटावलं, स्वतः खोटं बोलले, आणि ज्याला सांगायचं त्याला सोडून सगळ्यांना सोसायला लावलं. कुणी प्रेमानं आणलेली वस्तू आपल्याला नेमकी बसतेच असं नाही, दिगंबर. बसत नाही हे सांगितलं म्हणून प्रेम परत केल्यासारखं होत नाही. पण मी हे शेठना सांगितलं असतं तर ते उठून दुसऱ्या गॅरेजला गेले असते. आवाज ज्याच्या चाकांचा, त्याच्या कानावर तो पडायला हवा होता. आणखी एक. तू दर वेळी एकटा बसून चक्कर मारून आलास. रिकाम्या गाडीत काहीच घासत नाही. माणूस एकटा बसून विचार करतो तेव्हा त्यालाही सगळं ठीकच वाटतं. घरची माणसं बसली की मग कळतं, जागा कुठे कमी पडते ते."

 ती गाडी बारशाहून परत आल्यावर दिगंबरनं मागून घेतली आणि ठोकलेली कड दिवसभर बसून सरळ केली. वाटी मात्र कापली ती कापलीच होती. ती नवी आणावी लागली. त्यानंतर गिऱ्हाईक अडचण सांगत असलं की तो हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकू लागला.

आपल्याही घरात एखादा आवाज असतो, आणि तो ज्याच्यामुळे येतो तो एक माणूस सोडून बाकी सगळ्यांना तो ऐकू येत असतो; प्रवास लांबचा असेल तर निघण्याआधी त्या माणसाला जवळ बसवून तो ऐकवावा.