कंदाचं डोकं

सदावर्ते गुरुजी तीस वर्षं इतिहास शिकवत होते आणि मुलं तीस वर्षं जांभया देत होती. आदिवासी दिनाला कातकरवाडीची ठमीबाई शाळेत आली, तर तीच मुलं पापणी न लववता तिचं ऐकत बसली. गुरुजींचा नुसता जळफळाट झाला.

न राहवून ते म्हणाले, "बाई, राजांनी मागे किल्ले ठेवले. तुमच्या पूर्वजांनी काय ठेवलं?"

ठमीबाईनं टोपलीतला उकडलेला कंद त्यांच्या हातावर ठेवला. "हाच, गुरुजी. कंद खणला की त्याचं डोकं परत मातीत पुरायचं, ही आमची रीत. मधल्या एका पिढीनं जरी हावरटपणा केला असता, तरी आज तुमचा हात रिकामा राहिला असता."

गुरुजींनी कंद खाल्ला. तो गोड निघाला, याचाच त्यांना जास्त राग आला.